सोनगीरचा कागदी किल्ला

शालिग्रामने काढलेला पहिला किल्ला उभाच राहिला नाही. ही गोष्ट १९१२ सालची, धुळ्यातल्या एका शिळाप्रेसमधली. मी ती झुलालकडून ऐकली. झुलाल त्या प्रेसमध्ये दगड घासायचा. शिळाप्रेसचं सगळं काम दगडावर चालतं. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने उलटं चित्र काढायचं, दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवायचा आणि कागद दाबायचा. काम संपलं की वाळू आणि पाणी घालून तो दगड घासायचा, म्हणजे पुन्हा कोरा होतो. दगड जर्मनीहून यायचे आणि एकेक दगड उचलायला दोन माणसं लागायची.

शालिग्राम खैरनार त्या प्रेसमध्ये चित्रं काढायचा. रुईच्या गासड्यांना लावायची लेबलं, लग्नाच्या पत्रिका, देवादिकांची छोटी चित्रं. एकदा मुंबईहून आलेल्या यंत्राच्या खोक्यात त्याला परदेशी छापाचा एक कागद सापडला. त्यावर घराच्या भिंती, छप्पर, खिडक्या सुट्या सुट्या छापलेल्या होत्या. कापून चिकटवल्या की घर तयार. त्याने तो कागद घरी नेला आणि चार दिवस त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने तसाच आपला एक ताव काढायचा ठरवलं. घर नको, किल्ला. बायकोचं माहेर सोनगीरचं, म्हणून सोनगीरचा किल्ला.

त्याने किल्ला सुरेख काढला. तटाचा एकेक दगड, दरवाजाची कमान, मागची टेकडी. पण कापून चिकटवायला घेतला तेव्हा भिंती एकमेकींना टेकेनात. कडेला कड लावून चिकटत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो वैतागून बसला. मंजुळाबाई, म्हणजे त्याची बायको, चुलीपाशी बसली होती. तिथूनच ती अहिराणीत म्हणाली, "हाई भित त्या भितले कसी चिकटी? माया कोठे शे?"

मंजुळाबाई शिंप्याच्या घरची. कापड बेतताना शिवणीसाठी जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हे तिला चालता येत नव्हतं तेव्हापासून माहीत. तिने कागद पुढे ओढला आणि कुठे किती पट्टी सोडायची, कुठली आत दुमडायची, कुठली बाहेर, ते कोळशाने दाखवलं. कोपऱ्यावर पट्टी तिरकी कापायची, नाहीतर आत दाटी होते, हेही तिनेच सांगितलं. तिला लिहिता वाचता येत नव्हतं. त्यामुळे कुठली पट्टी कुठे लावायची ते आकड्यांनी न दाखवता तिने खुणा सुचवल्या. चांदणीला चांदणी, सुपारीला सुपारी, त्रिशूळाला त्रिशूळ. दुसरा किल्ला उभा राहिला. त्यावर हात ठेवून दाबला तरी वाकला नाही.

प्रेसचे मालक अभिमन नाना. त्यांनी तो उभा किल्ला टेबलावर ठेवला आणि आलेल्या गिऱ्हाइकांना दाखवू लागले. मग फावल्या वेळात त्याचे ताव छापायला त्यांनी परवानगी दिली. पुढच्या पाच वर्षांत शालिग्रामने आणखी पाच ताव काढले. चाळीसगाव-धुळे गाडीचं इंजिन, विहिरीवरची मोट, बैलगाडी, देऊळ आणि जिनिंगचा कारखाना. प्रत्येक ताव आधी मंजुळाबाई कोऱ्या कागदावर कापून जोडून बघायची, त्यानंतरच तो दगडावर चढायचा. प्रेसच्या मागच्या खोलीत हे सहा दगड वेगळे ठेवलेले असत. झुलाल त्यांना डिंकाचं पाणी लावून ठेवायचा, म्हणजे चित्र टिकतं.

१९१८ च्या दिवाळीआधी धुळ्यात तापाची साथ आली. ताप आल्याच्या तिसऱ्या दिवशी शालिग्राम गेला. प्रेसमधली आणखी दोन माणसं गेली. प्रेस महिनाभर बंद होता. मंजुळाबाईच्या पदरी दोन वर्षांची मुलगी होती, कमल. सोनगीरहून भाऊ न्यायला आला, पण ती गेली नाही.

दहाव्या-बाराव्याचं सगळं उरकलं, आणि प्रेस पुन्हा उघडल्यावर ती तिथे गेली. अभिमन नानांसमोर उभी राहून तिने त्या सहा दगडांचं काय करणार, असं विचारलं. नाना म्हणाले, "तो गेला. आता हे ताव जोडायला कोण शिकवणार आणि विकणार कोण?"

"मी," ती म्हणाली.

नाना म्हणाले, "माझ्या हयातीत त्या दगडांना कुणी हात लावणार नाही. तू तुझे ताव छापून घेत जा."

तेव्हापासून जवळजवळ चोवीस वर्षं मंजुळाबाईंनी ते ताव विकले. इथून पुढे मी त्यांना 'त्या' म्हणते, कारण मी त्यांना पाहिलं ते या काळात. पूर्व आणि पश्चिम, दोन्ही खानदेशांतल्या शाळा त्यांना माहीत होत्या. एका पत्र्याच्या पेटीत तावांचे गठ्ठे आणि वर कपड्यात गुंडाळलेला एक तयार नमुना. धुळ्याहून रेल्वेने चाळीसगाव, तिथून जळगाव, पुढे मिळेल त्या गाडीने. शाळेत शिरायच्या, हेडमास्तरांच्या टेबलावर नमुना ठेवायच्या आणि काही न बोलता उभ्या राहायच्या. मास्तरांनी हो म्हटलं की वर्गात जाऊन एक ताव कापून दाखवायच्या. बोलणं कमी, हात चालू. नशिराबादच्या शाळेत मी दुसरीत असताना त्या आल्या होत्या. मला त्यांचा चेहरा आठवत नाही. इंजिनाच्या धुराड्याची गुंडाळी करून त्यांनी ती थुंकीने ओली केलेल्या बोटाने दाबली, तेवढं आठवतं. आमच्या वर्गाच्या बाईंनी नंतर ते इंजिन कपाटावर ठेवलं होतं.

पुढे १९३८ साली मी धुळ्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले. जूनच्या शेवटी एक दिवस दुपारी पेटी घेऊन एक बाई दारात उभ्या राहिल्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, डोळे बारीक केलेले. त्यांनी पेटीतून नमुना काढला आणि मी इंजिन ओळखलं. नशिराबादचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "धुराडं चिकटेल ऱ्हायनं का?"

"राहिलं. मी शाळा सोडली तेव्हासुद्धा होतं."

त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं का, ते कळलं नाही.

त्यानंतर त्या दर महिन्याला यायच्या. शाळा सुटल्यावर पायरीवर बसायच्या. मी चहा द्यायची. त्यांच्याकडून कळलं ते थोडंच. बाकीचं झुलालने सांगितलं, कारण मी वर्गासाठी ताव आणायला प्रेसमध्ये जायची तेव्हा तो मागच्या खोलीत असायचा. एकदा मी मंजुळाबाईंना विचारलं की हे सगळं इतकं छान काढलंय कुणी. त्या म्हणाल्या, "प्रेसवालास्नी." झुलालने मला खरं सांगितलं तेव्हा मला त्यांचं उत्तर समजलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतल्याशिवाय सांगायचं तर 'त्यास्नी', म्हणजे 'त्यांनी', म्हणायचं, आणि शाळेच्या पायरीवर, बाजारात, परक्या माणसापुढे तेही त्यांच्या तोंडून निघायचं नाही. कागदाच्या खाली प्रेसचं नाव होतं, शालिग्रामचं नव्हतं. काँग्रेसच्या फैजपूरच्या अधिवेशनाला त्या पेटी घेऊन गेल्या होत्या, तिथे शहरातल्या कुणी माणसाने किल्ला हातात घेऊन हाच प्रश्न विचारला होता. तिथेही त्यांनी हेच सांगितलं होतं. लोक तो किल्ला बघायला रांगेत उभे होते, असं झुलाल म्हणाला. तो स्वतः गेला नव्हता, त्यामुळे रांग खरी की त्याने वाढवून सांगितलं, ते मला माहीत नाही.

लेक कमल तोवर फैजपूरला दिली होती. जावयाचं तिथे शिवणकामाचं दुकान होतं. धुळ्यात मंजुळाबाई एकट्याच राहायच्या.

चोवीस वर्षांत दगडही झिजले. छापताना प्रत्येक वेळी थोडी रेघ जाते. किल्ल्याच्या तटाचे दगड पुसट होत चालले होते. झुलालने मला एक जुना आणि एक नवा ताव शेजारी ठेवून दाखवला. नव्या तावावर टेकडीच दिसत नव्हती. मंजुळाबाईंनी त्यावर एक उपाय केला होता, कमी छापायचं. पूर्वी जिथे दोनशे ताव काढायच्या तिथे पन्नास. शाळांनी मागणी केली तरी त्या पुरे म्हणायच्या. मास्तरांना वाटायचं म्हातारी आळशी झाली.

१९४१ च्या थंडीत अभिमन नाना वारले. प्रेस पुतण्याकडे गेला. पुतण्या उखर्डू. माणूस वाईट नव्हता. त्याच्यासमोर अडचणी खऱ्या होत्या. लढाई चालू झाल्यापासून जर्मनीचे दगड येणं बंद झालं होतं. कागदावर सरकारी नियंत्रण आलं होतं. परवान्याशिवाय रीम मिळत नव्हती, आणि जी मिळायची ती सरकारी कामाला. १९४३ मध्ये रेशनची कार्डं आणि फॉर्म छापायचं काम त्याला मिळालं. ते काम घेतलं नसतं तर प्रेस बंद पडला असता. काम घ्यायला कोरे दगड हवे होते. मागच्या खोलीत सहा होते.

मंजुळाबाई त्या वेळी जळगावकडे होत्या. परत आल्यावर त्या श्रावणासाठी देवळाचे ताव काढून घ्यायला प्रेसमध्ये गेल्या. मीही त्यांच्याबरोबर होते, मला वर्गासाठी देऊळच हवं होतं. मागच्या खोलीत झुलाल पाण्याची बादली घेऊन उभा होता. त्याने आम्हाला बघितलं आणि बादली खाली ठेवली.

सहाही दगड भिंतीला टेकून उभे होते. त्यातल्या दोन दगडांवर रेशनच्या फॉर्मचे उलटे रकाने होते. बाकीचे चार पांढरे.

मंजुळाबाईंना आधी कळलं नाही. त्या जवळ गेल्या आणि दगडांच्या कडा बघू लागल्या. प्रत्येक दगडाच्या कडेला शालिग्रामने टोचणीने एक खूण केली होती, कुठल्या तावाचा दगड ते ओळखायला. ती खूण कडेवर तशीच होती. त्यावरून त्यांना कळलं.

"कोणी घसा?" त्यांनी विचारलं.

"मीच घसात, अक्का. बठ्ठा दगड मीच घसात," झुलाल म्हणाला. "मालक बोलना. मी काय करतू?"

"तू माले सांगं नही."

"तुमी जळगावले व्हत्या."

"जावानंतर घसात ना. जावाना पहिले माहीत व्हतं तुले."

झुलालने बादली पायाने बाजूला सरकवली. त्याला माहीत होतं. आठ दिवस आधी मालकाने सांगितलं होतं. मंजुळाबाई गावाला जाईपर्यंत त्याने हाताला लागलंय असं सांगून काम लांबवलं. त्या गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने दगड घासायला सुरुवात केली. त्यांच्यासमोर त्याला ते करवलं नसतं. हे त्याने मला नंतर सांगितलं.

"पहिला कोनता घसा?"

"किल्ला."

"कितला येळ लागना?"

"दोन दिन लागनात. खोल उतरेल व्हता. वरतून गया तरी पानी टाकं का परत दिसे."

मंजुळाबाईंनी किल्ल्याच्या दगडावर हात ठेवला. झुलालने जवळच्या बादलीतून थोडं पाणी घेऊन दगडावर शिंपडलं. त्याने ते का केलं ते मला सांगता येणार नाही. कदाचित त्याला दाखवायचं होतं की आता काहीच दिसत नाही, त्याने काम नीट केलंय. आम्ही तिघांनीही बघितलं. दगड ओला झाला, थोडा करडा झाला आणि वाळत गेला. त्यावर काही नव्हतं.

बाहेर उखर्डू गादीवर होता. तो उठून उभा राहिला. "अक्का, माझा नाइलाज झाला," तो म्हणाला. "लढाई संपली की तुम्हाला नवे दगड देतो. कुणाकडून तरी पुन्हा काढून घेऊ."

"बरं," मंजुळाबाई म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या.

त्यांच्या घरी पेटीत अजून काही ताव होते. जास्त नव्हते. मला वाटलं, यातल्या किल्ल्याचा ताव समोर ठेवून मी तो उतरवून काढीन. मी शाळेत चित्रकलाही शिकवायची. मी पंधरा दिवस शाळा सुटल्यावर बसून किल्ला काढला. प्रत्येक पट्टी, प्रत्येक खूण मोजून. पुसट झालेली टेकडी जुना ताव बघून काढली. मग तो जोडून त्यांच्याकडे नेला.

त्यांनी तो खिडकीजवळ धरला. आतून बोट घालून सांधे बघितले. सगळे जुळत होते. त्यांनी तो पाटावर ठेवला आणि जरा मागे सरकून बसल्या.

"माया बराबर शे," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पन हाऊ त्यास्ना हात नही, बाई."

त्यांच्या तोंडून 'त्यास्ना' हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मी माझा किल्ला परत आणला. वर्गात ठेवला. मुलींना आवडला.

त्या वर्षी त्यांनी शाळांत जाणं थांबवलं. शेजारच्या बायकांच्या गोधड्या शिवायला लागल्या. डोळे आधीच अधू झाले होते, टाका वाकडा पडायचा, पण गोधडीत चालून जातं. मी महिन्याकाठी जायची. पेटी कोपऱ्यात होती, वर गोधड्यांच्या चिंध्या. मी विचारलं नाही.

१९४४ च्या पावसाळ्यात एकदा मी आग्रा रोडवरच्या एका किराणा दुकानातून गूळ घेतला. कागद मिळत नव्हता म्हणून दुकानदार हाताला येईल त्या कागदात पुड्या बांधत. घरी येऊन पुडी सोडली तर आत चांदणीची खूण होती. मी कागद सरळ केला. किल्ल्याच्या दरवाजाची अर्धी कमान आणि तटाचा एक तुकडा. मी परत दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, एक म्हातारी रद्दी देऊन गेली, चांगला जाड कागद आहे, अजून आहे का बघू का. त्याने मागे हात घालून बघितलं. नव्हता.

मी तो चिकट तुकडा घेऊन मंजुळाबाईंकडे गेले. मला राग आला होता, हे कबूल करते. मी तुकडा त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "मला दिले असते. मी मुलींना वाटले असते. गुळाला कशाला दिलेत?"

त्यांनी सुई गोधडीत टोचून ठेवली.

"पोरीस्ले देसू," त्या म्हणाल्या, "त्या कापतीन, चिकटाडतीन. मंग इचारतीन, दुसरा कव्हय येई. मी काय सांगू?"

त्यांनी तो तुकडा उचलला, गूळ लागलेल्या बाजूने बोट फिरवलं आणि तसाच चुलीशेजारच्या सरपणावर ठेवला. मी बसून राहिले. त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली. चहा केला नाही, आणि मी तो मागितलाही नाही.

पुढच्या वर्षी त्यांना दिसणं जवळजवळ बंद झालं. कमल येऊन त्यांना फैजपूरला घेऊन गेली. जाताना पेटी त्यांनी शेजारणीला दिली. स्टेशनवर मी पोहोचवायला गेले होते. गाडी सुटायला वेळ होता. झुलालही आला होता, पण तो खांबापाशी उभा राहिला, पुढे आला नाही. मी त्यांना सांगितलं की झुलाल आलाय. त्या म्हणाल्या, "माहीत शे." गाडी सुटेपर्यंत त्यांनी त्याला बोलावलं नाही आणि तोही जवळ आला नाही. वर्षभराने झुलाल वारला.

मंजुळाबाई १९४६ च्या उन्हाळ्यात फैजपूरलाच वारल्या. मला कार्ड तीन आठवड्यांनी मिळालं. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये मी नशिराबादला माहेरी आले होते तेव्हा तिथून फैजपूरला गेले. कमलबाईंचं घर केळीच्या बागांपासून जवळ होतं. दुकानात शिवणाचं यंत्र चालू होतं. त्यांनी मला आत बसवलं, आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं. ताप नव्हता, दुखणं नव्हतं, जेवण कमी होत गेलं. कुणाला त्रास दिला नाही.

बोलता बोलता मी म्हटलं, "तुमच्या वडिलांचं काम अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"कोणतं काम?" कमलबाईंनी विचारलं.

"ते ताव. किल्ला, इंजिन. त्यांनी काढलेले."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "ते प्रेसवाले काढायचे," त्या म्हणाल्या. "आईनेच सांगितलं होतं. वडील प्रेसमध्ये कामाला होते, एवढंच. मला वाटायचं ते दगड उचलायचे."

मी त्यांना सगळं सांगितलं. झुलालकडून ऐकलेलं, मी पाहिलेलं. त्या ऐकत होत्या. मध्येच हातातल्या कापडाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे एखादा ताव आहे?"

माझ्याकडे नव्हता. जे होते ते वर्गात मुलींनी कापले होते. माझा स्वतःचा किल्ला होता, पण त्याचं त्यांना कशाला सांगायचं.

"नाही," मी म्हटलं.

बाहेरून नवऱ्याने हाक मारली, गिऱ्हाईक आलं होतं. कमलबाई उठल्या. मला म्हणाल्या, "बसा, जेवून जा." मी बसले.